डायलिसिसवरील रुग्ण आणि करोनाची लस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील एका डायलिसिस केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना करोनाच्या लशीविषयीचे प्रश्न माझ्याकडे 2021 पासून येत राहिले आहेत. कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणे, घोडबंदर रोड अशा ठिकाणांहून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक विचारतात. एकच शंका दहा जणांकडून येते, म्हणून ती उत्तरांसह येथे एकत्र केली आहे. औषधांचा आणि मात्रांचा अंतिम निर्णय मात्र तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञच, घेतील, कारण तुमची फाइल त्यांच्यासमोर असते.

1. डायलिसिसवर असलेल्या माणसाला करोनाची लस चालते का?

चालते. आपल्याकडे वापरल्या गेलेल्या लशींपैकी एकीतही शरीरात वाढू शकणारा जिवंत करोना विषाणू नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डमध्ये चिंपांझीतील एक निरुपद्रवी ॲडिनोव्हायरस वाहक म्हणून वापरला आहे आणि त्याची स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमता काढून टाकलेली आहे. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये पूर्णपणे निष्क्रिय केलेला विषाणू आहे, तर कॉर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा केवळ एक तुकडा आहे. 1 मार्च 2021 रोजी 45 ते 59 वयोगटातील सहव्याधी असलेल्यांसाठी लसीकरण सुरू झाले, तेव्हाच्या अधिकृत यादीत डायलिसिसवरील रुग्णांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे मूत्रपिंड निकामी असणे हे लस टाळण्याचे नव्हे, तर लवकर देण्याचे कारण मानले गेले होते.

2. आई घराबाहेर कुठेच जात नाही, फक्त डायलिसिसला जाते. तिला खरोखर धोका आहे का?

हे «फक्त» फार मोठे आहे. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे वर्षातून 156 वेळा ती रिक्षा, ट्रेन किंवा बसने केंद्रात येते, इतर रुग्णांसोबत एकाच वातानुकूलित खोलीत चार तास पडून राहते आणि परत जाते. टाळेबंदीत सगळे शहर घरात बसले होते, तेव्हाही डायलिसिसचे रुग्ण बाहेर पडतच होते, कारण त्यांच्यासाठी घरी थांबण्याचा अर्थ अंगात पाणी आणि पोटॅशियम साठणे असा होता. लस येण्यापूर्वीच्या युरोपीय नोंदींनुसार, करोना झालेल्या डायलिसिसच्या रुग्णांपैकी सुमारे 20 टक्के रुग्ण 28 दिवसांत करोनामुळे दगावले. पुढे विषाणू बदलला, आजार सौम्य होत गेला आणि 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीही मागे घेतली. तरीही निरोगी शेजाऱ्याच्या तुलनेत डायलिसिसच्या रुग्णाचा धोका आजही जास्त आहे.

3. आमच्या शरीरात लशीचा परिणाम कमी होतो असे म्हणतात. असे का?

मूत्रपिंडे काम करत नसली की जे घटक लघवीवाटे बाहेर जायला हवेत ते रक्तात साठतात आणि डायलिसिसने त्यांतले सगळेच निघत नाहीत. या साठ्यामुळे शरीरात सतत मंद दाह राहतो आणि प्रतिकारशक्तीची साखळी अनेक ठिकाणी सैल पडते. लशीतील परका घटक ओळखून पुढे दाखवणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, त्यांचा संदेश घेणाऱ्या टी पेशी थकलेल्या असतात आणि प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करणाऱ्या बी पेशींची संख्या घटलेली असते. वय, मधुमेह, कमी अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांची त्यात भर पडते.

आपल्या केंद्रांना हा अनुभव नवा नाही. हिपॅटायटिस बीची लस निरोगी तरुणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना पुरेसे संरक्षण देते, पण डायलिसिसच्या रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी राहते. म्हणून त्यांना ती दुप्पट मात्रेत, 40 मायक्रोग्रॅम, आणि सहसा 0, 1, 2 व 6 महिन्यांच्या वेळापत्रकाने दिली जाते. प्रतिसाद कमी आहे म्हणून ही लस सोडून द्यावी असे कोणी म्हटले नाही. मात्रा वाढवली आणि तपासणी ठेवली. करोनाच्या लशीबाबतही हाच विचार बरोबर आहे, असे मला ठामपणे वाटते.

4. कमी म्हणजे नेमके किती कमी? प्रतिपिंडे तयारच होत नाहीत का?

बहुतेकांमध्ये तयार होतात. इस्रायलमध्ये 2021 साली फायझरच्या दोन मात्रांनंतर डायलिसिसच्या 56 रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा 54 जणांमध्ये, म्हणजे 96 टक्क्यांमध्ये, प्रतिपिंडे आढळली. मात्र त्यांची मध्यक पातळी 2900 होती आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटाची 7401. अर्थ असा की दार उघडते, पण अर्धेच. पातळी कमी असल्यामुळे संरक्षण ओसरतेही लवकर. तिसऱ्या मात्रेने ही पातळी पुन्हा चांगली वर जाते, हे पुढील अनेक अभ्यासांत दिसले, आणि ज्यांना आधी करोना होऊन गेला होता त्यांचा लशीला मिळालेला प्रतिसाद न झालेल्यांपेक्षा जोरदार होता. प्रत्यारोपण झालेल्यांचे चित्र वेगळे आहे. त्यासाठी प्रश्न 12 पाहावा.

प्रतिपिंडे ही प्रतिकारशक्तीची एक बाजू झाली. टी पेशींची स्मृती रक्ताच्या साध्या चाचणीत दिसत नाही, पण आजार फुप्फुसापर्यंत जाऊन गंभीर होण्यापासून वाचवण्यात तिचा मोठा वाटा असतो.

5. कोविशिल्ड चांगली की कोव्हॅक्सिन? मी चुकीची तर घेतली नाही ना?

2021 मध्ये केंद्रावर जी उपलब्ध होती ती घेतली, हा निर्णय बरोबरच होता. लंडनमधील डायलिसिसच्या रुग्णांवरील अभ्यासात, आधी करोना न झालेल्यांमध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लशीपेक्षा (आपल्याकडील कोविशिल्ड तीच) फायझरच्या लशीने डेल्टा विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे अधिक जणांत तयार केली, हे खरे आहे. पण तो पर्याय आपल्यासमोर नव्हता, आणि डेल्टाची लाट चांगल्या लशीची वाट पाहत थांबणारी नव्हती.

6. इंजेक्शन कोणत्या हातात घ्यावे? डायलिसिसच्या दिवशी घेतले तर चालेल का?

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातात घेऊ नये. तो हात तुमची जीवनवाहिनी आहे. त्यावर रक्तदाब मोजत नाहीत, रक्त काढत नाहीत आणि लसही टोचत नाहीत. लसीकरणाच्या टेबलावरील परिचारिकेला हे माहीत असेलच असे गृहीत धरू नका, बाही वर करण्यापूर्वीच सांगा. दोन्ही हात वापरण्याजोगे नसतील तर मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत लस देता येते.

दिवसाविषयी सांगायचे तर, ब्रिटन-अमेरिकेत हजारो रुग्णांना मशीन चालू असतानाच लस दिली गेली, त्यामुळे डायलिसिसचा दिवस वर्ज्य नाही. फक्त मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचा परिणाम काही तास टिकत असल्याने टोचलेल्या जागी रक्त साकळून गाठ येऊ शकते. माझा सल्ला मधल्या, म्हणजे डायलिसिस नसलेल्या दिवसाचा असतो. दिवस कोणताही असो, 23 किंवा 25 गेजची बारीक सुई वापरावी, नंतर त्या जागी किमान दोन मिनिटे घट्ट दाब द्यावा आणि चोळू नये. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी आपला आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) नेहमीच्या मर्यादेत असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

7. सकाळी लस घेतली आणि दुपारी डायलिसिस झाले. मशीनने लस काढून टाकली असेल का?

नाही. लस दंडाच्या स्नायूत दिली जाते आणि तिचे काम तेथे व काखेजवळच्या लसिका ग्रंथींत सुरू होते. ती रक्तातून फिरत डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या गाळणीत, येण्याची वाट पाहत नाही. पुढे तयार होणारी प्रतिपिंडेही मशीनमधून जात नाहीत. डायलायझरच्या पडद्यातून यूरिया, क्रिएटिनिन आणि फार तर 11,800 डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाच्या बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखे रेणू निघतात. आयजीजी प्रतिपिंडाचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन असते, त्यामुळे ते रक्तातच राहते.

8. लशीनंतर अंग दुखले, ताप आला तर काय करावे?

हात दुखणे, थकवा, कणकण, डोकेदुखी हे त्रास एक-दोन दिवस होऊ शकतात आणि ते डायलिसिसच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळलेले नाहीत. पॅरासिटामॉल घेता येते. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे. लस घेण्यापूर्वीच खबरदारी म्हणून गोळी घेण्याची गरज नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण उरलेसुरले लघवीचे प्रमाण त्यांनी घटू शकते आणि पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

येथे एका गोष्टीवर मला विशेष भर द्यायचा आहे. «लशीनंतर भरपूर पाणी प्या, शहाळे घ्या» हा सल्ला सोसायटीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरला आणि तो चांगल्या मनानेच दिलेला होता, पण तो तुमच्यासाठी नव्हे. तुमची पाण्याची रोजची मर्यादा लशीच्या दिवशीही तीच राहते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्याकडे एक काका लशीनंतर दोन दिवस शहाळी पिऊन, धाप लागलेल्या अवस्थेत, ठरलेल्या वेळेआधी डायलिसिसला आले होते, आणि घरचे लोक लशीला दोष देत होते. काढ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे.

9. मानेत डायलिसिसची नळी आहे आणि लशीनंतर थंडी वाजून ताप आला. हा लशीचाच ताप ना?

असे गृहीत धरू नये. हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नळी असलेल्या रुग्णाला डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप येत असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो नळीच्या जंतुसंसर्गाचा ताप मानतात, मग लस काल घेतलेली असो वा महिन्यापूर्वी. लशीचा ताप साधारणपणे पहिल्या 24 तासांत येतो, पॅरासिटामॉलने उतरतो आणि दोन दिवसांत संपतो. त्यापुढे टिकणारा ताप, मशीनवर असताना भरणारी हुडहुडी, नळीच्या तोंडाशी पू किंवा लाली, रक्तदाब खाली जाणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्ताचा कल्चर, म्हणजे रक्तातील जंतूंची तपासणी, व्हायला हवा. ताप लशीचा म्हणून घरी काढलेले दोन दिवस अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

10. कोविशिल्डने रक्तात गुठळ्या होतात असे ऐकले. आम्हाला तर दर वेळी हेपॅरिन देतात, मग धोका जास्त आहे का?

ॲडिनोव्हायरसवर आधारलेल्या लशींनंतर प्लेटलेट घटून गुठळ्या होण्याचा एक दुर्मीळ आजार आढळला, ही वस्तुस्थिती आहे आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. ब्रिटनमधील नोंदींनुसार पहिल्या मात्रेनंतर 50 वर्षांखालील सुमारे 50 हजारांत एकाला आणि त्यावरील वयात सुमारे एक लाखात एकाला तो झाला. लस घेतल्यापासून साधारण 4 ते 42 दिवसांत तो दिसतो. ज्यांनी 2021 किंवा 2022 मध्ये लस घेतली, त्यांना आज त्याची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

हेपॅरिनचा प्रश्न मात्र योग्य आहे. हेपॅरिनमुळेही काही मोजक्या रुग्णांत प्लेटलेट घटतात आणि गुठळ्या होतात, आणि दोन्ही आजारांत दोष एकाच प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा असतो. त्याला प्लेटलेट फॅक्टर 4 म्हणतात. पण लशीनंतरचा आजार हेपॅरिन कधीच न मिळालेल्यांनाही झाला, म्हणजे त्याला हेपॅरिनची गरज लागत नाही. गोंधळ होऊ शकतो तो एका विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत: ज्याचे डायलिसिस नुकतेच सुरू झाले आहे आणि ज्याने त्याच महिन्यात अशी लसही घेतली आहे. हेपॅरिनमुळे होणारी घट सहसा ते सुरू केल्यापासून 5 ते 10 दिवसांत दिसते. अशा रुग्णाचे प्लेटलेट एकाएकी निम्म्यावर आले, डायलायझर वारंवार गुठळ्यांनी बंद पडू लागला किंवा तीव्र डोकेदुखी, पायाला सूज, पोटदुखी सुरू झाली, तर हेपॅरिन थांबवून तपासणी होईपर्यंत दुसरा पर्याय वापरतात. लस कधी घेतली ही तारीख अशा वेळी डॉक्टरांना सांगणे फार उपयोगाचे ठरते.

11. अँटिबॉडी चाचणी करून मगच पुढची मात्रा ठरवावी का?

सर्वसाधारणपणे नाही. अमुक आकड्यावर सुरक्षित आणि खाली असुरक्षित, अशी रेघ हिपॅटायटिस बीसाठी आहे (10 मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर), करोनासाठी नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळे संच वापरतात, त्यामुळे वाशीतील अहवाल नौपाड्यातील अहवालाशी ताडून पाहू नये. शिवाय काही चाचण्या काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजतात, तर काही विषाणूच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची. कोविशिल्ड घेतलेल्याची दुसऱ्या प्रकारची चाचणी केली आणि त्याला आधी करोना झालेला नसेल, तर अहवाल निगेटिव्हच येणार, कारण त्या लशीत ते प्रथिनच नाही. या एका गोष्टीमुळे «लस वाया गेली» म्हणून रडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

12. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. लस आधी घ्यावी की नंतर?

आधी. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबली जाते आणि लशीचा प्रतिसाद कोसळतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना 2021 मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्यांपैकी पहिल्या मात्रेनंतर केवळ 17 टक्के आणि दुसऱ्या मात्रेनंतर 54 टक्के जणांत प्रतिपिंडे आढळली. प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफिनोलेटसारखी औषधे घेणाऱ्यांचा प्रतिसाद आणखी कमकुवत होता. डायलिसिसच्या रुग्णांचे आकडे (प्रश्न 4) याच्या शेजारी ठेवले की प्रत्यारोपणाआधीचा काळ किती मोलाचा आहे हे कळते. शक्य असल्यास शेवटची मात्रा शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हावी. दात्याची तारीख पक्की असेल तर हे नियोजन सोपे जाते. मृत दात्याच्या यादीत असलेल्यांनी फोन कधीही येईल असे समजून मात्रा रेंगाळू देऊ नयेत. मात्रा राहिली म्हणून मिळालेले मूत्रपिंड मात्र कोणी नाकारत नाही. रिटुक्सिमॅब मिळालेल्या रुग्णांनी लशीची वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, कारण ते बी पेशीच काढून टाकते आणि त्यानंतर साधारण सहा महिने प्रतिसाद फारच क्षीण राहतो.

13. माझे घरी पोटाचे डायलिसिस चालते. हे सगळे मलाही लागू होते का?

जवळजवळ सगळे. हेपॅरिनच्या गाठीचा आणि फिस्टुलाचा प्रश्न तुम्हाला नाही, आणि केंद्रातील गर्दीही नाही. पोटातून काढलेल्या द्रवाबरोबर रोज काही ग्रॅम प्रथिने जातात आणि त्यांत थोडी प्रतिपिंडेही असतात, परंतु त्यामुळे लस निरुपयोगी ठरत नाही. लशीनंतर पोटात दुखले किंवा बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर तो लशीचा परिणाम समजू नका. तो पोटातील संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी पिशवी घेऊन केंद्रात या.

14. ईपीओच्या (रक्तवाढीसाठी देतात त्या) किंवा लोहाच्या इंजेक्शनची ॲलर्जी आली होती. लस घेता येईल का?

कोणत्या घटकाची ॲलर्जी होती हे आधी शोधावे लागते. कोविशिल्डमध्ये पॉलिसॉर्बेट 80 हा पदार्थ आहे आणि तो काही ईपीओ इंजेक्शनांतही असतो. असे ईपीओ तुम्हाला नियमित दिले जात असेल आणि काही होत नसेल, तर तो एक चांगला दिलासा आहे. इंजेक्शननंतर घसा सुजणे, श्वास लागणे, रक्तदाब एकदम पडणे असे पूर्वी घडले असेल, तर लस रुग्णालयातच घ्यावी. इतरांनीही लशीनंतरची 30 मिनिटे केंद्रातच बसून काढावीत.

15. हिपॅटायटिस बीची लसही चालू आहे. दोन्ही एकत्र घेता येतील का?

2021 मध्ये आपल्याकडे करोनाची लस आणि इतर लशी यांत 14 दिवसांचे अंतर ठेवण्याची सूचना होती. पुढे इतर देशांत निष्क्रिय लशी एकाच दिवशी देणे मान्य झाले. फिस्टुलामुळे एकच हात मोकळा असेल तर दोन इंजेक्शने किमान अडीच सेंटिमीटर अंतरावर द्यावीत.

या निमित्ताने एक सूचना. हिपॅटायटिस बीच्या लशीनंतर साधारण तीन आठवडे रक्तातील एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग शोधणारी) चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण लशीतील प्रथिनच चाचणीत सापडते. त्या अहवालावर रुग्णाला पॉझिटिव्ह रुग्णांच्या मशीनवर हलवले, तर घरात नाहक हाहाकार उडतो. म्हणून मासिक तपासण्यांची तारीख आणि लशीची तारीख यांत अंतर ठेवावे, आणि अहवाल पॉझिटिव्ह आलाच तर टेक्निशियनला लशीची तारीख आधी दाखवावी. करोनाच्या लशीने असे होत नाही.

16. बाबांनी लस घेतली आणि दोन महिन्यांत डायलिसिस सुरू झाले. लशीनेच किडन्या गेल्या ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही अहवाल नीट पाहावेत. मूत्रपिंडांचा जुनाट आजार वर्षानुवर्षे गाजावाजा न करता वाढतो आणि क्षमता 15 टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत पुष्कळांना ठळक लक्षणे जाणवत नाहीत. लशीनंतर ताप आला, म्हणून रक्त तपासले, आणि क्रिएटिनिन आयुष्यात पहिल्यांदा मोजले गेले, असे आमच्याकडे अनेकदा घडले आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडे आकसलेली दिसत असतील तर आजार जुना आहे, कारण ती दोन महिन्यांत आकसत नाहीत.

अपवाद आहेत. लशीनंतर काही दिवसांत लघवीतून लाल रक्त जाणे किंवा अंगावर एकाएकी सूज येणे, अशी आयजीए नेफ्रोपॅथी आणि मिनिमल चेंज या मूत्रपिंडाच्या आजारांची तुरळक प्रकरणे जगभर नोंदली गेली आणि त्यांतले बहुतेक रुग्ण सावरले. असे झाले असेल तर बायोप्सीपर्यंत तपास व्हावा, ही मागणी रास्त आहे.

17. माझे वय 38 आहे. मला तिसरी मात्रा उशिरा मिळाली. आणि आता आणखी घ्यायची का?

तिसरी मात्रा 10 जानेवारी 2022 पासून प्रथम आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि 60 वर्षांवरील सहव्याधी असलेल्यांना सुरू झाली, तीही दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी. तुमच्या वयाच्या रुग्णाला ती खासगी केंद्रांत 10 एप्रिल 2022 पासून पैसे देऊन मिळू लागली, आणि 15 जुलै 2022 पासून 75 दिवसांच्या मोहिमेत ती मोफत झाली. अंतरही सहा महिन्यांवर आले. वयापेक्षा आजार पाहून क्रम लावला असता तर डायलिसिसचे तरुण रुग्ण बरेच आधी सुरक्षित झाले असते, असे मला तेव्हाही वाटत होते.

आता पुढील मात्रेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने 2023 मध्ये अतिजोखमीच्या गटाला शेवटच्या मात्रेनंतर 6 किंवा 12 महिन्यांनी पुन्हा मात्रा देण्याची शिफारस केली. कोविशिल्डचे उत्पादन थांबलेले आहे, म्हणून लशीच्या शोधात निघण्यापूर्वी कोणती लस कोठे मिळते याची फोनवर चौकशी करावी. वयाची साठी ओलांडलेल्या, मधुमेही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या किंवा प्रत्यारोपणाची तयारी चाललेल्या रुग्णांनी हा विषय पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा.

18. सगळ्या मात्रा झाल्या आहेत. तरी सर्दी-ताप आला तर केंद्राला सांगायला हवे का? शिफ्ट बंद होईल अशी भीती वाटते.

सांगायलाच हवे, आणि निघण्यापूर्वी फोनवर सांगायला हवे. ही भीती खोटी नाही. 2020 च्या उन्हाळ्यात पॉझिटिव्ह अहवाल हातात घेऊन एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या आठवणीमुळे माणसे आजही खोकला दाबून मशीनवर झोपतात. परंतु शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा लशीला मिळालेला प्रतिसाद तुमच्याइतकाच अपुरा असू शकतो. आधी कळवले तर तुम्हाला कोपऱ्यातील मशीन किंवा शेवटची शिफ्ट देता येते, चाचणी लवकर होते, औषध लागणार असेल तर ते पहिल्या पाच दिवसांत सुरू करता येते, आणि डायलिसिस चुकत नाही.